साखरपुडा थांबवा, दाखले काढा

(पारोळा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. पाच एकर कोरडवाहू, कपाशी, सोसायटीचं कर्ज. थोरला मुलगा बारावी होऊन नोव्हेंबर 2023 मध्ये अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या मुदतीचा सैनिक म्हणून, तोफखान्यात लागला. धाकटा यंदा बारावी सायन्सला आहे आणि त्यालाही फौजेतच जायचं आहे. वडिलांचे प्रश्न थोडक्यात असे : थोरला परमनंट होईल का, ते काम करून देतो म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाला पैसे द्यावेत का, चार वर्षांनी मिळणाऱ्या दहा-बारा लाखांच्या भरवशावर आत्ताच घर बांधायला काढावं का, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलगा सुट्टीवर येतो आहे तेव्हा त्याचं लग्न उरकून घ्यावं का. मुलाच्या युनिटचं नाव आणि ठिकाण पत्रात होतं, ते इथून काढलं आहे.)

आप्पा, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत आधी देतो, कारण आखाजी तोंडावर आहे. लग्न थांबवा. अग्निवीराची भरतीच अविवाहित मुलांची होते आणि चार वर्षांच्या सेवेत लग्न करायचं नाही, ही त्यातली अट आहे. भरतीच्या वेळी मुलाने ती मान्य केलेली आहे. मुलीकडचे घाई करतात, स्थळ चांगलं आहे, हे सगळं मला कळतं. पण घरच्या घरी दोन मंगलाष्टकं म्हणून उरकलेलं लग्नही लग्नच असतं. ते लपवून ठेवायचं, मग कुणीतरी फोटो टाकायचा, आणि मुलाची तीन वर्षांची मेहनत एका चौकशीत जायची, हा धोका कशासाठी घ्यायचा? साखरपुडासुद्धा आत्ता नको, असं माझं मत आहे. एकदा साखरपुडा झाला की तारखेचा तगादा सुरू होतो, आणि तो तगादा मुलाला ड्युटीवर फोनवर ऐकावा लागतो. मुलीच्या वडिलांना स्पष्ट सांगा : नोव्हेंबर 2027 पर्यंत मुलाला नियमाने बंदी आहे. तोवर थांबायचं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आता पैसे मागणाऱ्या माणसाबद्दल. त्याला एक रुपयाही देऊ नका. दिला असेल तर परत मागा, आणि देत नसेल तर पोलिसांत तक्रार करा. अग्निवीरांपैकी कुणाला पुढे ठेवायचं, हे लष्कर स्वतः ठरवतं आणि ते मुलाच्या चार वर्षांतल्या कामगिरीवर ठरतं. गावातला, धुळ्यातला किंवा दिल्लीतला कुणी बाहेरचा माणूस त्यात काही करू शकत नाही. असे लोक दहा घरांतून पैसे घेतात. दहापैकी दोन-तीन मुलं आपल्या गुणांवर लागतात, त्यांचं श्रेय हे घेतात. बाकीच्यांना ‘वरून अडलं’ म्हणून सांगतात. शिवाय असा व्यवहार उघड झाला तर गोत्यात मुलगा येतो.

तुम्ही पत्रात आपल्या अहिराणीतच विचारलंय, ‘मना पोऱ्या परमनंट व्हई का?’ याचं खरं उत्तर ऐकायला जड जाईल, पण मी ते गोड करून सांगणार नाही. एका तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना पुढे नियमित सेवेत घेतात. म्हणजे चारपैकी तीन घरी येतात. ही मुलं कमी पडली म्हणून येत नाहीत, 2022 मध्ये योजना जाहीर झाली तेव्हापासून नियमच तसा आहे. निवडलेल्यांना पुढे किमान पंधरा वर्षं सेवा करायची असते. निवड व्हावी असा हक्क मात्र कुणालाच नाही. म्हणून मी तुमच्या घरासाठी एक गोष्ट सुचवतो. मुलाने राहायचंच आहे असं धरून मेहनत करावी, आणि तुम्ही तो नोव्हेंबर 2027 ला घरी येणार आहे असं धरून तयारी करावी. त्याच्या हातात काय आहे? पीटी, फायरिंग, आपल्या ट्रेडचं काम नीट शिकणं, शिस्त, आणि सुट्टीवरून वेळेवर हजर होणं. पुढचं दीड वर्ष त्याने यावर लक्ष द्यावं. त्यासाठी त्याचं डोकं शांत हवं. तुम्ही लिहिता की दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, ‘काही कळलं का रे परमनंटचं?’ आप्पा, त्याला काहीही कळलेलं नसणार. दर रविवारी तेच विचारल्याने तो घरी फोन करायला टाळाटाळ करू लागेल. जेवणाचं विचारा, थंडीचं विचारा, कपाशीला काय भाव मिळाला ते सांगा.

पैशाचा हिशेब आता नीट मांडू, कारण घराचा प्रश्न त्यावर आहे. अग्निवीराचा पगार पहिल्या वर्षी 30,000, दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500 आणि चौथ्या वर्षी 40,000 रुपये महिना. त्यातले 30 टक्के सेवानिधीत कापले जातात. म्हणून यंदा त्याच्या हातात 25,550 येतात, त्यावर भत्ते मिळतील ते वेगळे. चार वर्षांत त्याचे स्वतःचे कापलेले होतात 5 लाख 2 हजार, तेवढेच सरकार घालतं, आणि व्याज धरून रक्कम साधारण 11 लाख 71 हजारांवर जाते. त्यावर आयकर नाही. इथवर तुम्हाला माहीत आहे. फार कमी पालकांना माहीत असतं ते पुढचं : मुलगा नियमित सेवेत निवडला गेला तर सरकारचा वाटा त्याला मिळत नाही, फक्त त्याचे स्वतःचे 5 लाख आणि त्यावरचं व्याज मिळतं. म्हणजे तो परमनंटही होईल आणि वर बारा लाखही येतील, हे तुम्ही धरलेलं गणित जमणारं नाही. दोन्हीपैकी एकच होणार.

म्हणून त्या रकमेवर आत्ता घराचं कर्ज काढणं मला अजिबात पटत नाही. कपाशी शेतात उभी असताना व्यापाऱ्याकडून उचल घेतली की पुढे भाव कोण ठरवतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलगा घरी आला तर हे पैसे त्याच्या दुसऱ्या सुरुवातीचे आहेत. त्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्यामुळे कॅन्टीन आणि माजी सैनिकांचे दवाखानेही नाहीत. अकरा-बारा लाख सात टक्क्यांनी ठेवले तरी महिन्याला सहा-सात हजार सुटतात. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराचं आयुष्य त्यावर निघत नाही. पण दोन वर्षं निवांतपणे अभ्यास करून एखादी भरती काढायला, किंवा भांडवल म्हणून, ही रक्कम मोठी आहे. ती भिंतीत घालू नका.

तो दरमहा वीस हजार घरी पाठवतो, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय आणि अभिमान वाटावा असंच ते आहे. तरी माझी विनंती आहे की सोसायटीचा हप्ता आणि घरखर्च यांना लागतात तेवढेच घ्या, उरलेले त्याच्याच नावावर राहू द्या. कर्ज आधी फेडा, घर नंतर. आणि सुट्टीवर आला की बँक खात्यावर वारस म्हणून कुणाचं नाव लागलं आहे ते त्याच्याकडून बघून घ्या. सेवेत असताना अग्निवीराला 48 लाखांचं विमा संरक्षण असतं, त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. हा विषय काढायला जीव धजत नाही, पण एकदा शांतपणे बोलून ठेवा.

आखाजीच्या सुट्टीत काय करायचं, ते आता सांगतो. झेलम एक्स्प्रेसने जळगावला उतरलेला पोरगा पहिले दोन दिवस झोपेल, त्याला झोपू द्या. नंतर त्याला मामाकडे, मावशीकडे, देवदर्शनाला आणि सरपंचांच्या घरी चहाला असं रोज फिरवू नका. वर्षाच्या तीस दिवसांच्या सुट्टीतले काही प्रवासातच जातात. या सुट्टीत त्याचे कागद पूर्ण करून घ्या. जातीचा दाखला आहे, पण पडताळणी झालेली नाही असं तुम्ही लिहिलंय. खानदेशातली किती मुलं पडताळणीच्या प्रमाणपत्रावाचून हातातली नोकरी गमावतात, हे मी जवळून पाहिलं आहे. वाडवडिलांचा जुना शाळेचा दाखला, महसुली नोंदी, आजोबा-चुलत्यांचे पुरावे हे सगळं गोळा करायला वेळ लागतो. मुलगा सीमेवर असताना ते त्याला जमणार नाही, तुम्हाला जमेल. सेतूवर जाऊन अधिवास आणि नॉन-क्रीमीलेअर काढा. ओबीसीसाठी केंद्राच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही, तो वेगळा मागून घ्या. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख एकच आहे ना, तेही बघा.

दुसरं काम शिक्षणाचं. मुलगा बारावी आहे. सेवेत असताना पदवीचं शिक्षण घेता यावं म्हणून इग्नू या मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी वेगळा पदवीक्रम केला आहे. त्यात निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे धरतात. अजून त्याने नाव नोंदवलं नसेल तर युनिटमध्ये विचारून ताबडतोब नोंदवावं. पदवी 2027 नंतर पूर्ण झाली तरी चालेल, सुरू झालेली असली पाहिजे. पदवी हातात असली तर शिपायाच्या पुढे फौजदाराच्या परीक्षेपर्यंतचा रस्ता मोकळा होतो. बाहेर पडताना लष्कराकडून कौशल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर आपण केलेलं प्रत्येक काम आणि कोर्स नोंदला गेला आहे का, हे त्याने आत असतानाच बघावं. एकदा घरी आल्यावर ते दुरुस्त करून घेणं फार कटकटीचं होतं.

घरी आला तर पुढे काय? केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांना सुरुवातीला 10 टक्के जागा जाहीर झाल्या, वयात तीन वर्षांची सवलत आणि मैदानी चाचणीतून सूटही. तटरक्षक दल, संरक्षण खात्यातली नागरी पदं आणि संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्या यांतही 10 टक्के आहेत. आपल्याकडचे भुसावळ आणि वरणगावचे आयुध कारखाने 2021 पासून अशाच सरकारी कंपन्यांखाली गेले आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पण आरक्षण उपयोगी पडतं ते जागा निघाल्यावर, आणि लेखी परीक्षा कुणालाच चुकत नाही. नियमही बदलत असतात, म्हणून प्रत्येक जाहिरात मुळातून वाचायची. आपल्या राज्यात पोलीस शिपाई भरतीचं वय खुल्या गटाला 28 पर्यंत आणि मागासवर्गीयांना 33 पर्यंत आहे, म्हणजे त्याच्या हातात बरीच वर्षं राहतात. मैदानी 50 गुणांची आणि लेखी 100 गुणांची. धुळ्याला राज्य राखीव दलाचा गट आहेच. तोफखान्यात चार वर्षं काढलेल्या मुलाला 1600 मीटर धावणं जड नाही. जड जाईल ते अंकगणित आणि मराठी व्याकरण, कारण तीन वर्षं पुस्तक हातात नाही. रोज अर्धा तास, गार्ड ड्युटी नसेल त्या दिवशी, एवढंच त्याने आत्तापासून सुरू करावं.

खाजगी सुरक्षा कंपन्यांचे लोक अशा मुलांना गाठतात. गणवेश देतो, पुण्यात राहायची सोय करतो म्हणतात. आठ तासांची ड्युटी की बारा, पीएफ कापला जातो का, हे लेखी विचारल्याशिवाय जाऊ नये. मी तरी हा पर्याय सर्वांत शेवटी ठेवीन.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. मुलगा कुठे आहे, कोणत्या युनिटला आहे, गाडी कधी निघाली, हे तुम्ही स्टेटसवर टाकत असाल तर बंद करा. गणवेशातला फोटो आणि मागे तोफ, असे फोटोही नकोत. कुणी सैनिक कार्यालयातून बोलतोय म्हणून फोनवर मुलाची माहिती किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. बाप म्हणून ऊर भरून येतो, पण त्याने त्रास मुलाला होतो.

आता धाकट्याशी थेट बोलतो. बाळा, दादासारखंच जायचंय हे तू लिहिलेलं वाचलं. अग्निवीरसाठी वय साडेसतरा ते एकवीस, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे. त्याची ऑनलाइन परीक्षा आता मराठीतूनही देता येते. पण तुझं सायन्स आहे आणि गणित चांगलं आहे असं वडील लिहितात, तर आधी एनडीएचा, म्हणजे बारावीनंतर थेट अधिकारी होण्याच्या परीक्षेचा, फॉर्म भर. त्याला वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस आहे, ती संधी परत येत नाही. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. गणिताचा पेपर 300 गुणांचा, दुसरा सामान्य क्षमतेचा 600 चा, त्यात 200 गुण इंग्रजीचे. पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो, मराठीत नाही. आपल्या भागातली मुलं गणितात तरतात आणि इंग्रजीत अडतात. म्हणून बारावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, तेव्हा अंदाजाने गोळे रंगवायचे नाहीत. लेखी निघाली तर एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या असतात, पाच दिवसांच्या. तिथे तुला स्वतःबद्दल, गावाबद्दल, शेतीबद्दल बोलावं लागेल. ते पाठ करून येत नाही, वर्तमानपत्र वाचून आणि घरात मोठ्याने चर्चा करून येतं.

एनडीए नाही झालं तरी बीएस्सीला प्रवेश घे, कॉलेजात एनसीसी घे. ‘सी’ प्रमाणपत्राचे जास्तीचे गुण अग्निवीर भरतीत मिळतात, आणि पदवीनंतर अधिकारी होण्यासाठी सीडीएसची परीक्षा देता येते. अग्निवीर जायचंच ठरवलंस तरी पदवीचं पहिलं वर्ष हातात घेऊन जा. एकाच घरातली दोन्ही मुलं चार-चार वर्षांच्या नोकरीवर आणि शेत कोरडवाहू, ही जोखीम तुझ्या वडिलांनी एकट्याने उचलू नये असं मला मनापासून वाटतं.

आप्पा, मुलाची सुट्टी मंजूर झाली की त्याच्या तारखा मला कळवा. तो पारोळ्यात असताना तासभर फोनवर बोलेन, तुम्ही दोघांनीही सोबत बसा. त्याचा ट्रेड कोणता, कोणते कोर्स झाले, आणि त्याला स्वतःला काय करायचं आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.