अंतरपाट घरी, अक्षतांच्या पुड्या कशाला?

तुळशीची लग्नं दृष्टिपथात आली की 'लग्नातलं सगळं हातानं करायचंय' अशी पत्रं येऊ लागतात. त्यांतली काही इथे घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

डिसेंबरच्या शेवटी लग्न आहे, माणसं अडीचशे. पत्रिका, अंतरपाट, मुंडावळ्या, रुखवत, अक्षतांच्या पुड्या आणि पाहुण्यांना द्यायच्या भेटी, सगळं स्वतः करायचं ठरवलंय. क्रोशाच्या ऑर्डरी दुपारी करते, त्या बंद करायच्या नाहीत. रात्री सव्वा तास मिळतो. हातात चार महिने आहेत. जमेल का? (नवरी मुलगी, डोंबिवली)

यादी आहे तशी ठेवली तर नाही जमणार. हिशेब मांडू. लग्नघरात खरेदी आणि केळवणं धरून आठवड्याला आठ तासांच्या वर मिळत नाहीत. चार महिन्यांचे १७ आठवडे, त्यातले शेवटचे दोन सोडून द्या. उरले १५, म्हणजे १२० तास. यातला एक तृतीयांश वेळ उसवण्यात, पुन्हा आणायला जाण्यात आणि वाळण्याची वाट बघण्यात जातो. हातात खरे ८० तास.

आता खर्च बघा. भरतकामाचा अंतरपाट ३५ ते ४० तास. मुंडावळ्यांचे दोन संच आठ तास. अडीचशे माणसांना साधारण ११० पत्रिका लागतात (पत्रिका घराला एक जाते, माणसाला नाही, हे विसरून दुप्पट छापणारे पुष्कळ). एकीला दहा मिनिटं धरली तरी १८ तास झाले. अक्षतांच्या २५० पुड्या दीड मिनिटाला एक या वेगानं सव्वासहा तास. भेटवस्तू घरटी एक, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ ३७ तास. बेरीज शंभराच्या पुढे गेली आणि रुखवताला अजून हातही लागलेला नाही.

भेटवस्तू आणि पुड्या काढून टाका. भेटवस्तू पिशवीत जाते आणि घरी पोचेपर्यंत कोणी उघडतही नाही. अंतरपाट मात्र सगळी मंगलाष्टकं संपेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो आणि प्रत्येक फोटोत येतो. मुंडावळ्यांचंही तेच. हे दोन तुमच्या हातचे असू द्या, पत्रिका बहुतेक छापून घ्या (त्याबद्दल पुढे), उरलेला वेळ रुखवताला.

ऑर्डरींबद्दल एक सूचना. मेंदी आणि चुडा या दोन तारखा कॅलेंडरवर आधी लिहा आणि त्यानंतरची कुठलीही ऑर्डर घेऊ नका. मेंदीचा लेप हातावर असताना काम बंदच. लेप निघाल्यावर वाटतं की आता बसता येईल, पण तोवर हिरवा चुडा भरलेला असतो. काचेच्या बांगड्यांत दोरा अडकतो, ओढला की एक तर टाका सैल पडतो नाहीतर बांगडी वाढते. चुडा लगेच उतरवायचा नसतो, त्यामुळे लग्नानंतरचे काही दिवसही यातच धरा.

अंतरपाटावर मध्ये स्वस्तिक, खाली दोघांची नावं आणि कडेनं वेल भरायची आहे. कापड कोणतं घेऊ? आधी एक रुमाल भरला होता, तो धुतल्यावर लाल दोऱ्याचा रंग पसरला. (सातारा)

अंतरपाट दोन बाजूंनी बघितला जातो, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात भरून झाल्यावर येते. सुलट बाजू नवऱ्यासमोर आली तर नवरीसमोर गाठी आणि लोंबणारे दोरे येतात. नावं उलटी दिसतात ती वेगळीच. आणि स्वस्तिकही मागून उलटं दिसतं, ते तर आजीच्या नजरेतून सुटायचं नाही. म्हणून कापडाचे दोन थर घ्या. दोन्हींवर स्वस्तिक आणि नावं वेगवेगळी भरा, आणि उलट्या बाजू आत ठेवून कडेनं शिवा. वेल एकाच थरावर भरली तरी चालते. दुसऱ्या थराला साधी काठाची पट्टी लावा.

कापड मलमल नको, प्रकाश मागून आला की आतल्या गाठी दिसतात. जाड केसमेंटही नको. दोन थरांचं वजन पाऊण-एक किलोपर्यंत जातं, आणि मंगलाष्टकं म्हणायला हौशी आत्या-मावश्या असल्या की धरणाऱ्यांचे हात भरून येतात. चांगलं पॉपलीन घ्या, ४४ इंची पन्ना, प्रत्येक थराला सव्वादोन मीटर. तयार अंतरपाट दोन मीटर लांब, एक मीटर उंच. दोन्ही थरांचं मिळून वजन अर्ध्या किलोच्या आत राहतं.

कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून, इस्त्री करून मगच आखा. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरला तीन-चार सेंटिमीटर आटतं. न भिजवता भरलंत तर कापड आटेल, दोरा तेवढा आटणार नाही, आणि वेलीभोवती चुण्या पडतील. दोन्ही टोकांना १५ सेंटिमीटर कोरं सोडा, तिथे माणसं धरतात. स्वस्तिकाचा मध्य वरच्या काठापासून ४० सेंटिमीटरवर घ्या. बरोबर मधोमध घेतलं तर ते चेहऱ्यासमोर न येता छातीशी येतं.

दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. नावांना दोन पदरांची उलटी टीप, वेलीला तीन पदरांचा साखळी टाका. साखळी टाक्याला मीटरमागे साधारण तास लागतो. घुंगरू, मोती, लटकन काही लावू नका. शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट झटक्यात बाजूला ओढतात, तेव्हा लटकन मुंडावळीत अडकतं.

आता रंग. लाल आणि गडद निळ्या लड्या भरण्याआधी कोमट पाण्यात साबण घालून धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवावं लागलं तरी चालेल. मग ओली लडी पांढऱ्या चिंधीत दाबून वरून इस्त्री फिरवा. चिंधी गुलाबी झाली तर ती लडी अंतरपाटाला नको. मीठ किंवा व्हिनेगर घातल्यानं सुती दोऱ्याचा रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबू नका. आणि भरून झाल्यावर रंग पसरलाच तर कापड वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. मोठ्या बादलीत भरपूर पाणी आणि थोडा साबण घेऊन तीन-चार तास बुडवून ठेवा, पाणी बदला, पुन्हा बुडवा. ओला असेतो रंग निघतो, वाळून वर इस्त्री फिरली की मग बसलाच.

मुंडावळ्या नवऱ्याला फेट्यावर तोकड्या पडल्या. साखरपुड्याला सेफ्टी पिन लावून निभावलं, लग्नाला काय करू? (वराची बहीण, सांगली)

माप फेटा बांधून घ्यायला हवं होतं. डोक्याचा घेर ५५ ते ५८ सेंटिमीटर असतो, फेट्यावरून तो ७० पर्यंत जातो. कपाळावरची मोत्यांची पट्टी ३० सेंटिमीटरच ठेवा, बांधायच्या बंदांची लांबी वाढवा, प्रत्येक बाजूला ४५ सेंटिमीटर. बंद सॅटिनच्या फितीचे केलेत तर रेशमी फेट्यावरून घसरतात, सुती नाडी घ्या. बाजूचे सर कानशिलापासून २५ सेंटिमीटर पुरतात.

चार मिलिमीटरचे मणी १० सेंटिमीटरला २५ बसतात. कपाळपट्टी दुपदरी केली तर दीडशे, बाजूचे दोन्ही सर दुपदरी केले तर अडीचशे. एकाला चारशे, दोघांना आठशे. हजार आणा, कारण काही मण्यांची भोकं बुजलेली निघतात. ओवायला तंगूस वापरू नका. त्याची गाठ सुटते आणि कापलेलं टोक कपाळाला टोचत राहतं. पॉलिएस्टरचा दोरा दुहेरी घ्या, मेणबत्तीवरून एकदा ओढून. स्वस्त मोत्यांचा मुलामा घामानं निघतो, तेव्हा आणलेल्यातले चार-पाच ओल्या फडक्यानं घासून बघा. दर दहा मण्यांनी एक गाठ मारा, म्हणजे दोरा तुटला तरी सगळा सर मांडवभर घरंगळणार नाही.

अक्षतांचा रंग शालूला लागतो. काय चुकतं? (नागपूर)

कुंकू जास्त होतं आणि चाळायचं राहतं. एक किलो अखंड तांदळाला दोन चहाचे चमचे कुंकू पुरे. ते चमचाभर पाण्यात कालवून तांदळाला चोळा, सुती कापडावर सावलीत चार तास पसरा, मग चाळणीनं सुटी पूड झाडून टाका. वाळल्यावर मूठभर अक्षता ओलसर तळहातात मिनिटभर दाबून पांढऱ्या रुमालाला हात पुसा. खूण उमटली तर पुन्हा चाळा.

हळद-चुन्याच्या घरगुती कुंकवाबद्दलही विचारलंय. हळद चुन्यानं लाल होते आणि आंबटानं पुन्हा पिवळी. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो तो याचमुळे. घाबरून घासत बसू नका, भरपूर पाण्यानं धुतल्यावर रंग पिवळ्यावर येतो. सुती कपडा असेल तर उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो. शालू मात्र उन्हात टाकू नका, तो ड्रायक्लीनला द्या.

माणशी २० ग्रॅम धरले तर अडीचशे माणसांना पाच किलो. पुड्यांऐवजी तीन ताटं भरून चार पोरांना फिरवायला सांगा. तांदूळ निम्मेच लागतात आणि हॉलभर कागद पडत नाहीत.

हातकागदावर घरच्या प्रिंटरनं पत्रिका छापली, अक्षरं फुटली. (पुणे)

हातकागद शाई पिऊन टाकतो, त्यातून सुटणारे धागे प्रिंटरच्या रोलरवरही बसतात. त्याला स्क्रीन प्रिंटिंग हवं. तुमच्याच गावात १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. तिथे कागद हातात घेऊन, दुमडून बघा. घडीवर तडकला तर एकेरी कार्ड करा.

पण सगळ्या पत्रिका हातच्या कशाला? गणपतीपुढे ठेवायची पहिली, कुलदैवताची, आजोळची आणि अगदी जवळच्या दहा-पंधरा घरांची हातानं करा, बाकीच्या छापून घ्या. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावताना बोट जवळजवळ कोरडं हवं. ओलं बोट टेकलं की हातकागदावर डाग नाण्याएवढा पसरतो.

आंब्याच्या पानांचं तोरण दुपारपर्यंत सुकतं. (लातूर)

कोवळी पानं घेतली जातात म्हणून. जून, गडद हिरवी पानं आदल्या संध्याकाळी काढून देठ तासभर पाण्यात ठेवा, रात्री ओवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळा. झेंडू सकाळीच ओवा, मोठी फुलं मीटरला २० ते २५ लागतात.

दोघंही चित्रं काढतो. हनिमूनला रिसॉर्टपेक्षा कारागिरी बघायला जायचंय, बजेट बेताचं. लग्न २० डिसेंबरला आहे. (ठाणे)

कुडाळ आणि सावंतवाडी, चार रात्री. लग्नानंतर सत्यनारायण, मांडवपरतणी, कुलदैवताचं दर्शन हे होणारच, म्हणून २६ च्या आधीचं तिकीट काढू नका. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि नाताळातल्या कोकणच्या गाड्या लगेच भरतात. तेव्हा २६ डिसेंबरसाठी २७ ऑक्टोबरला सकाळी आठला तयार राहा. कोकणकन्या आणि तुतारी या दोन्ही रात्रीच्या गाड्या ठाण्याला थांबतात. मुंबईहून निघताना तुतारीची वेळ मध्यरात्र उलटल्यानंतरची आहे, तिचं तिकीट पुढच्या तारखेचं काढावं लागतं. एक दिवस चुकवणारे दरवर्षी भेटतात.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्राची एकेक पोथी, त्यातलं एकेक पान पुढे धरून गाऊन सांगितलेली कथा. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाच्या संग्रहालयात चित्रं आणि कळसूत्री बाहुल्या दोन्ही बघता येतात. आधी फोन करून जा आणि अर्धा दिवस ठेवा. तासाभरात उरकायची जागा नाही ती. सावंतवाडीत राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल खेळायचे पत्ते, रंगवताना बघायला मिळतो. दशावतारी संचाची १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी. स्वतःच्या नावाचं काही रंगवून घ्यायचं असेल तर दोन महिने आधी सांगा, दोन दिवसांत कोणी करून देत नाही, आणि दिलं तर लाख नीट बसलेली नसते.

रंगसाहित्य कमीच न्या. बारा वड्यांची जलरंगाची पेटी, दोन ब्रश, ३०० ग्रॅमच्या कागदाची ए५ वही. समुद्रकाठच्या दमट हवेत पातळ कागद फुगतो आणि दुसरा थर द्यायला फार थांबावं लागतं.

रुखवतातली सुपारीची सप्तपदी गाडीतून नेताना निखळली. ग्लू गननं चिकटवली होती. (सोलापूर)

सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत तो गोंद मऊ पडतो. शिवाय सुपारी गुळगुळीत असते. बुडाला पॉलिश कागद फिरवून खरखरीत करा, फेविकॉल लावून पुरा एक दिवस दाबून ठेवा. त्याआधी सुपाऱ्या दोन दिवस कडक उन्हात घाला, नाहीतर महिन्याभरात भुंगा लागून आतून पूड पडू लागते. सात राशींचे तांदूळ मात्र पाटावर चिकटवू नका, डब्यात न्या आणि तिथे पोचल्यावर मांडा.