मुंबईतल्या गॅलरीत चायनीज एल्मच्या बोन्सायला झाडासारखा आकार कसा आणावा?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडच्या फ्लॅटमध्ये, पश्चिमेकडच्या गॅलरीत, नर्सरीतून आणलेलं चायनीज एल्म आहे. बुंधा अंगठ्याएवढा, खोड इंग्रजी एस अक्षरासारखं वळवलेलं. व्हिडिओ बघून दर रविवारी शेंडे खुडता, तरी ते झाड न दिसता झुडूपच दिसतं. तार लावावी का आणि किती वर्षं लागतील, असंही विचारलंय.

सगळ्यात आधी ते रविवारचं खुडणं बंद करा. खोड जाड होतं ते वर भरपूर पानं आणि लांब फांद्या वाढल्या तरच. शेंडा खुडत राहिलात तर झाड आहे त्या मापात दाट होतं, जाड होत नाही. व्हिडिओतली माणसं खुडतात, कारण त्यांच्या झाडांचे बुंधे कैक वर्षांपूर्वीच तयार झालेत. तुमचं झाड त्या टप्प्यावर नाही. आधी बुंधा आणि मुळं, मग मुख्य फांद्या, मग बारीक काड्या, हा क्रम उलटा करून चालत नाही.

म्हणून ते चपट्या कुंडीतून काढा. बांधकामाला वापरतात तसलं प्लॅस्टिकचं घमेलं आणा आणि तापवलेल्या सळईने तळाला नि कडेला सढळ हाताने भोकं पाडा. नुसती लाल माती भरू नका, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि एप्रिलमध्ये ढेकूळ. विटा फोडून चाळून घ्या, ३ ते ६ मिमीचे तुकडे ठेवा, धूळ फेकून द्या. निम्मे हे तुकडे, उरलेल्यात लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कोकोपीट मुंबईच्या पावसाळ्यात पाणी धरून बसतं, मी ते टाळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर २००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे माती पाणी किती धरते यापेक्षा किती लवकर सोडते हे मी आधी बघतो.

हे काम फेब्रुवारीत करा. सरळ खाली गेलेली जाड मुळं कापा, आडवी पसरलेली राखा, पण एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मुळांना हात लावू नका. मुळांखाली फरशीचा एक चपटा तुकडा ठेवून वरून माती भरली की मुळं खाली न जाता बाजूला पसरतात आणि बुंधा जमिनीला धरून बसल्यासारखा दिसायला लागतो. कापलेलं पेन्सिलएवढं मूळ फेकू नका. वरचं टोक जरासं बाहेर ठेवून मातीत रोवा. एल्म मुळाच्या तुकड्यापासूनही फुटतं, फुकटात दुसरं झाड.

आता आकाराचं. तारेच्या मागे लागण्याआधी दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातली लिंगनान पद्धत समजून घ्या. तिकडे ह्या कलेला पेनजिंग म्हणतात. लिंगनानवाले मुख्यतः कात्रीने काम करतात: वाढू द्यायचं, कापायचं, पुन्हा वाढू द्यायचं. तिकडची हवा दमट, हिवाळा सौम्य, म्हणजे जपान-युरोपपेक्षा आपल्याला जवळची. परदेशी पुस्तकांतलं बर्फ वितळण्याचं वेळापत्रक इथे काय कामाचं? मुंबईत हे झाड एकदम सगळी पानं टाकून झोपत नाही. डिसेंबर-जानेवारीत मंदावतं, फेब्रुवारीत फुटतं, आणि पहिल्या सरी झाल्या की जूनपासून सुसाट सुटतं. मोठी कापाकापी मी फेब्रुवारीत आणि जूनमध्येच करतो.

कापताना एक फांदी हातात धरून नीट बघा. एल्मची पानं एकाआड एक येतात, एक डावीकडे, पुढचं उजवीकडे. प्रत्येक पानाच्या बगलेत बारीक टोकदार डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा असते. तुम्ही जिथे कापाल त्याच्या लगेच खालचा डोळा पुढची फांदी होणार आणि ती त्या पानाच्याच दिशेने जाणार. फांदी डावीकडे न्यायची असेल तर डावीकडच्या पानाच्या वर २-३ मिमी सोडून कापा. नवी फांदी खूप लांब होऊ द्या, हवी तेवढी जाड झाली की मग उजवीकडच्या पानावर कापा. प्रत्येक नवा तुकडा आधीच्यापेक्षा आखूड आणि बारीक राहिला पाहिजे. असं तीन-चार वेळा झालं की फांदीला कोनाकोनाची जी वळणं येतात, ती तारेने आणलेल्या गोलगोल वळणांपेक्षा कितीतरी खरी वाटतात.

तुमच्या एसबद्दल स्पष्टच सांगतो, मला तो आकार आवडत नाही. विक्रीसाठी कोवळेपणीच वळवलेली अशी झाडं नर्सऱ्यांत एकाच साच्यातली दिसतात. दोन्ही वळणं सारख्याच जाडीची असतात आणि खोड वर जाताना निमुळतं होत नाही. बोन्सायवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे, उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट. अंगठ्याएवढा म्हणजे २.५ सेंमी बुंधा धरला तर उंची १५ सेंमी. मोजून बघा, तुमचं झाड याच्या बरंच वर गेलं असेल. पहिल्या वळणाच्या जरा वर एखादी जोमदार फांदी शोधा आणि खोड तिच्यावर कापा. छातीत धस्स होईल, पण एल्म जुन्या लाकडातूनही फुटतं. ती फांदी हाच तुमचा नवा शेंडा. तो दोन-तीन फूट वाढू द्या. कापलेल्या जागेशी जाडीत जुळत आला की तोही कापा. बुंध्याजवळ एखादा फुटवा आला तर तो लगेच काढू नका. मोकाट वाढू द्या, तो बुंध्याला जाड करतो. काम झालं की त्याला निरोप. जखम किंचित खोलगट कापा म्हणजे भरून येताना वर टेंगूळ येत नाही, आणि कट पेस्ट, म्हणजे झाडाच्या जखमेवर लावायचा लेप, लावा.

कापलेल्या जागी महिन्याभरात फुटव्यांचा झुबका येईल. सगळे हिरवेगार कोंब बघून जीव सुखावतो, पण दोनच ठेवा. तसेच सोडले तर त्या जागी गाठ फुगते आणि वरचं खोड खालच्यापेक्षा जाड दिसायला लागतं. एकदा गाठ बसली की ती कापूनच काढावी लागते.

तार लावायची का? लावा, पण फक्त मुख्य फांद्यांचा कोन ठरवायला, त्या हिरवट-तपकिरी असतानाच. अॅल्युमिनियमची तार, फांदीच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा. जुलै-ऑगस्टमध्ये फांदी इतक्या वेगाने फुगते की तार सालीत रुतते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला सगळ्यात आधी दिसतं, तिथे आठवड्याला एकदा नखाने चाचपून बघा. काढताना उलगडत बसू नका, तुकडे करून कापून काढा.

गॅलरीतली खरी अडचण मात्र कात्रीची नाही, कठड्याची आहे. कुंडी जमिनीवर असेल तर कठड्याच्या सावलीत खालच्या फांद्या मरतात. एल्मचा सगळा जोर मुळात शेंड्याकडे असतो, त्यात वरच तेवढं ऊन मिळालं की तळ उघडा पडतो. आणि पहिली फांदी उंचीच्या खालच्या एक तृतीयांशाच्या आसपास हवी, म्हणजे नेमकी तीच जाते. झाड स्टुलावर किंवा ग्रिलमध्ये कठड्याच्या वर ठेवा, दर आठवड्याला पाव वळसा फिरवा. वरचे फुटवे करकचून छाटा, खालचे लांब सोडा. पश्चिमेचं ऊन एप्रिल-मेमध्ये दुपारी भाजतं, तेव्हा हिरवी शेडनेट आणि दिवसातून दोनदा पाणी. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा अंगावर येत असेल तर जागाच बदला. मे महिन्यात गावाला जाणार असाल तर झाड शेजाऱ्यांकडे देऊन जा, किल्ली नव्हे. किल्ली दिली तर पहिले दोन दिवस पाणी घालतात.

पावसाळ्यात घमेल्याच्या एका बाजूला अर्धी वीट सरकवा, तिरकं ठेवलं की पाणी लवकर निचरतं. पानांवर काळे ठिपके पडतात, ती पानं काढून टाका आणि झाड मोकळ्या हवेत ठेवा. उन्हाळ्यात लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण या किडी येतात, त्यांना आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग कडुनिंबाचं तेल. डायमेथोएट हे कीटकनाशक मारू नका, त्याने एल्म पानं टाकतं. जाड करायच्या वर्षांत खत भरपूर द्या. मोहरीची पेंड उत्तम, पण वासावरून सोसायटीत तक्रार येते आणि उंदीर वेगळेच. मी लिंबोळी पेंड वापरतो.

काळाचं म्हणाल तर बुंधा मनासारखा व्हायला घमेल्यात साधारण चार-पाच वर्षं, मुख्य फांद्यांना पुढे दोन-तीन. त्यानंतर तुमचं खुडणं पुन्हा सुरू: फुटवा पाच-सहा पानांचा होऊ द्यायचा आणि दोन पानांवर छाटायचा. मुंबईत वाढ जवळजवळ वर्षभर चालू असल्याने काड्यांची जाळी लवकर दाट होते आणि पानंही बारीक येतात. आत काळोख झाला की सरळ वर आणि सरळ खाली जाणाऱ्या काड्या आधी काढा.

इथलाच वावळा घेऊ का, असंही शेवटी विचारलंय. तो एल्मच्याच कुळातला आणि मुंबईच्या हवेत मुरलेला आहे, पण पान हाताच्या बोटाएवढं. लहान बोन्सायमध्ये ते मापात बसत नाही, फूट-दोन फुटांचं झाड करायचं असेल तरच त्याचा विचार करा.

आणि ती निळी चिनी मातीची कुंडी, जी तुम्ही बघून ठेवलीय, आत्ता घेऊ नका. कुंडीची खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी घेतात, आणि तुमच्या बुंध्याची जाडी अजून ठरायचीय. त्या पैशात एक चांगली कात्री आणि खोलगट कापणारी बोन्सायची पक्कड येते का बघा.