अमेरिकेतील काही राज्यांना कॉमनवेल्थ का म्हणतात?

अमेरिकेतील काही राज्ये स्वतःला 'स्टेट' न म्हणता 'कॉमनवेल्थ' का म्हणवतात आणि त्यांना इतरांहून जास्त अधिकार असतात का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया आणि केंटकी ही ती चार राज्ये असून अमेरिकेची राज्यघटना त्यांच्यात आणि उरलेल्या सेहेचाळीस राज्यांत काहीही भेद करत नाही.

आपल्याकडे कॉमनवेल्थ म्हटले की राष्ट्रकुल आठवते आणि ब्रिटिश राजमुकुटाशी काही नाते असावे असे वाटते. माझाही पूर्वी तसाच समज होता, पण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या शब्दाचा मूळ अर्थ सर्वांचे कल्याण, आणि त्यावरून लोकांच्या हितासाठी चालणारी राज्यव्यवस्था. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद केल्यावर इंग्लंडने स्वतःला कॉमनवेल्थ घोषित केले, तेव्हापासून राजाविना चालणारे राज्य हा अर्थ त्याला ठळकपणे चिकटला. त्यामुळे १७७६ मध्ये तिसऱ्या जॉर्जचे जोखड झुगारून आपापल्या घटना लिहिणाऱ्या व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियाला तो जवळचा वाटला, यात नवल नाही.

मॅसॅच्युसेट्सची कथा अधिक बोलकी आहे. तेथील १७७८ च्या घटनेच्या मसुद्यात 'स्टेट ऑफ मॅसॅच्युसेट्स बे' असे नाव होते. तो मसुदा मतदारांनी फेटाळला. पुढे प्रामुख्याने जॉन अॅडम्स यांनी लिहिलेल्या आणि १७८० मध्ये मंजूर झालेल्या घटनेत 'कॉमनवेल्थ' आले. राज्य म्हणजे लोकांनी स्वेच्छेने परस्परांशी केलेला करार, असे तिची प्रस्तावनाच सांगते, आणि त्या विचाराला हे नाव शोभते, असे मला वाटते. केंटकीला मात्र ते वारशानेच मिळाले म्हणायचे, कारण १७९२ मध्ये वेगळे राज्य होईपर्यंत तो प्रदेश व्हर्जिनियाचाच भाग होता.

आज हा फरक मुख्यतः कागदोपत्री जाणवतो: या राज्यांत फौजदारी खटले 'कॉमनवेल्थ विरुद्ध अमुक' अशा नावाने चालतात, आणि व्हर्जिनिया व केंटकीत सरकारी वकिलाला 'कॉमनवेल्थ्स अॅटर्नी' म्हणतात. गंमत म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या अधिकृत मुद्रेवर आजही 'स्टेट' हाच शब्द कोरलेला आहे.

पोर्तो रिको हेही कॉमनवेल्थ म्हणवते, परंतु ते राज्य नाही. १९५२ पासून अमेरिकेच्या त्या प्रदेशाला लावलेले हे बिरुद स्वशासनाच्या वेगळ्या व्यवस्थेचे आहे, म्हणून त्याला या चौघांच्या पंक्तीत बसवू नये.