पाच खोडलेली, दोन राहिलेली

प्रश्न : मी दोन वर्षांपासून एका नामवंत संगीतकारांकडे पियानोसाठी रचना करायला शिकत आहे. सोळा बारांच्या (मात्रांच्या सोळा गटांच्या) एका थीमवर, म्हणजे मूळ चालीवर, मी सात व्हेरिएशन्स, म्हणजे तिचीच बदललेली रूपे, लिहून नेली, तेव्हा सरांनी त्यांतली पाच खोडली आणि समासात ‘ही पाचही एकच आहेत’ एवढेच लिहिले. तेव्हापासून महिनाभर ते माझ्याकडून फक्त डाव्या हाताचा बास, म्हणजे खालच्या स्वरांची ओळ, लिहून घेत आहेत. मायनरमध्ये (उदास छटेच्या स्वरसमूहात) जाऊ का, असे विचारले तर ‘अजून नाही’ म्हणतात. सरांविषयी मला नितांत आदर आहे, पण या रचनेत माझे असे काही उरतच नाही, असे वाटू लागले आहे. दुसरे शिक्षक शोधावेत का?

उत्तर : ती वेळ आलेली नाही. खोडलेली पाच व्हेरिएशन्स समोर घ्या आणि न वाजवता केवळ उजवा हात वाचा. माझा अंदाज असा, की एकात चालीच्या प्रत्येक स्वराभोवती चार-चार स्वरांची वेटोळी असतील, दुसऱ्यात तीन-तीन स्वरांची आणि तिसऱ्यात तुटक कॉर्ड (जुळणाऱ्या स्वरांचे गुच्छ). म्हणजे दागिने बदलले, पण माणूस तोच आणि तसाच बसलेला. शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे असे होते, माझेही झाले होते.

सर बास लिहून घेतात त्याचे कारण येथेच आहे. बाखच्या 1741 मध्ये प्रकाशित झालेल्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये सुरुवातीच्या आरियाची, म्हणजे थीमची, चाल मधल्या 30 व्हेरिएशन्समध्ये परत येत नाही. टिकून राहतो तो तिचा 32 बारांचा बास आणि त्यावर उभी असलेली स्वरसंगती. तुम्हीही तुमचा बास कागदाच्या अरुंद पट्टीवर उतरवून घ्या, नवे व्हेरिएशन लिहिताना ती पट्टी प्रत्येक ओळीखाली सरकवत न्या, आणि उजव्या हातात मूळ चाल मुळीच येऊ देऊ नका. सुरुवातीला हात अडेल. तो अडू द्यावा.

त्यानंतर थीममधला एक बारीक तुकडा पकडून संपूर्ण व्हेरिएशनभर तो न सोडण्याचा सराव करा. संगीतकार-प्रकाशक डायबेलीचा वॉल्ट्झ (तीन मात्रांचे नृत्यसंगीत) अगदी साधा आहे : उजव्या हातात सी मेजरचा तोच कॉर्ड लागोपाठ दहा वेळा वाजतो, आणि आरंभीच चाल ‘सी’ स्वरावरून खालच्या ‘जी’ स्वरावर उतरते. बेथोव्हेनने त्यावर 33 व्हेरिएशन्स लिहिली. त्यांतल्या 22 व्या व्हेरिएशनमध्ये, तसेच उतरणे मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हान्नी’ या ऑपेराच्या आरंभी नोकर गातो त्या गाण्यातही आहे हे हेरून, त्याने ते गाणेच तेथे आणून बसवले. बास दुसऱ्याचा, थीम दुसऱ्याची, गाणेही दुसऱ्याचे. पण तो तुकडा हेरणारा कान बेथोव्हेनचाच. ‘माझे काही उरत नाही’ या तुमच्या तक्रारीला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

मायनरबाबतही सरांचे बरोबर आहे. मोझार्टने ‘आ, व्हू दिरे-ज, मामाँ’ या चालीवरच्या 12 व्हेरिएशन्समध्ये मायनर राखून ठेवला तो थेट आठव्यासाठी, आणि म्हणूनच तो आला की खोली एकदम अंधारल्यासारखी वाटते.

मात्र सर कारण सांगत नाहीत, हे मला पटत नाही. बेथोव्हेन लहान असताना त्याचे बॉनमधले शिक्षक नेफे यांनी, मुलाला उत्तेजन मिळावे म्हणून, एका मार्चवरची त्याची नऊ व्हेरिएशन्स मानहाइममध्ये छापवून घेतली होती. खोडणे जितके आवश्यक, तितकेच हेही. तेव्हा पुढच्या तासाला खोडलेल्यांपैकी दोन व्हेरिएशन्स सरांना सलग वाजवून दाखवा आणि ‘ही दोन कोणत्या बारपासून एकसारखी वाटू लागतात?’ असा नेमका प्रश्न विचारा. वाद घालण्यापेक्षा अशा प्रश्नाचे उत्तर लवकर मिळते. आणि सातांपैकी जी दोन त्यांनी खोडली नाहीत, ती का ठेवली, हेही त्याच वेळी विचारून घ्या. त्या दोघांविषयी तुम्ही पत्रात एक अक्षरही लिहिलेले नाही.