कामायलिओवर दोन नेटवर्क कार्डं असताना इनव्हाइट चुकीच्या इंटरफेसवरून का जातो?

तुम्ही लिहिलंय की कामायलिओ (इंटरनेटवरचे फोन कॉल पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर) चालतो त्या सर्व्हरला एक पब्लिक आयपी आहे, एक आतला १०.१०.०.५ आहे, आणि आतल्या ॲस्टेरिस्ककडून (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) आलेला इनव्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा संदेश, कॅरिअरकडे (बाहेरची फोन कंपनी) जाताना व्हाया हेडरमध्ये (उत्तर कुठे पाठवायचं ते सांगणारी ओळ) आतलाच पत्ता असतो. मग कॅरिअर उत्तर देणार तरी कुठे?

कामायलिओची ही मूळ सवय आहे. पॅकेट ज्या सॉकेटवर (आयपी आणि पोर्टची जोडी) आलं त्याच सॉकेटवरून तो ते पुढे ढकलतो. जायचंय कुठे हे बघत नाही. कॉन्फिगच्या वरच्या भागात ‘एमहोम्ड’ १ केलंत की तो आधी कर्नलला विचारतो: त्या पत्त्याकडे एक तात्पुरतं यूडीपी सॉकेट उघडतो, कर्नलने त्याला कुठला लोकल आयपी दिला ते पाहतो, बंद करतो, आणि तोच आयपी व्हाया आणि रेकॉर्ड-राउटमध्ये (कॉलचे पुढचे संदेशही इथूनच जावेत म्हणून घातलेला हेडर) घालतो. या कामाला वेळ लागतो म्हणून डीफॉल्ट ० आहे. साध्या ऑफिसच्या लोडला त्याची चिंता करू नका.

म्हणजे उत्तर शेवटी राउटिंग टेबलच देणार. आधी सर्व्हरवर ‘आयपी राउट गेट’ आणि पुढे कॅरिअरचा आयपी टाकून बघा. तिथे सोर्स चुकीचा दिसला, तर कामायलिओच्या फाइलमध्ये कितीही खटपट करा, उपयोग नाही. एकाच कार्डावर दोन पब्लिक आयपी आणि प्रत्येक कॅरिअरला वेगळा, अशी मांडणी असेल तर एमहोम्ड निरुपयोगी. तिथे फोर्स सेंड सॉकेट वापरा, किंवा डिस्पॅचरच्या (कॉल कुठल्या गेटवेकडे द्यायचा ते ठरवणारं मॉड्यूल) यादीत प्रत्येक गेटवेसमोर त्याचं सॉकेट लिहा. खरं सांगायचं तर कॅरिअर ठरलेले असतील तर मी हेच करतो. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला कोण कुठून जातं ते नुसतं वाचून कळतं.

फक्त ते सॉकेट पहिल्या इनव्हाइटपुरतंच लावा. सरसकट वर लावलंत तर आतल्या बाजूला जाणारा बाय (कॉल संपवणारा संदेश) सुद्धा बाहेरच्या पत्त्यावरून निघेल. इंटरफेस बदलला की आरआर मॉड्यूल दोन रेकॉर्ड-राउट घालतो (‘डबल आरआर’ मुळातच चालू असतं) आणि पुढच्या एसीके (कॉल लागल्याची पोचपावती) आणि बायसाठी लूज राउट हे फंक्शन त्यावरूनच सॉकेट निवडतो. त्याच्या निवडीवर हात फिरवू नका. कॉल लागून साधारण ३२ सेकंदांनी तुटत असेल तर एसीके पोहोचत नाहीये, म्हणून पहिला संशय इथेच घ्या.

कामायलिओने कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं ते सांगणाऱ्या लिसनच्या ओळी दोन्ही पत्त्यांसाठी स्पष्ट लिहा. त्या नसतील तर तो सगळेच इंटरफेस पकडतो, डॉकरचा ब्रिजसुद्धा. पब्लिक आयपी क्लाउडच्या नॅटमागे असेल तर त्या ओळीला ॲडव्हर्टाइज (बाहेर सांगायचा पत्ता) जोडा.

एवढं करून सिग्नलिंग सुरळीत होईल, आवाज नाही. त्यासाठी आरटीपीइंजिनला (आवाजाची पॅकेटं पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) दोन्ही इंटरफेस नावानिशी द्या आणि ऑफर करताना आतून बाहेर की बाहेरून आत ही दिशा सांगा. आणि पॅकेट टीसीपीडंपमध्ये (कार्डावरची पॅकेटं दाखवणारं साधन) येताना दिसतंय पण कामायलिओच्या लॉगमध्ये नाही, असं असेल तर फायरवॉलबरोबर कर्नलचं आरपी फिल्टरही (उत्तराची वाट जुळत नसलेली पॅकेटं टाकून देणारी सेटिंग) तपासा. ते १ वर असेल तर २ करून बघा.