पहिल्या बॅचसाठी रेसिपी राहू दे, आधी थर्मामीटर घे

सप्टेंबरात मँचेस्टरला शिकायला चाललायस, त्याआधी इथे इंदुरात फ्लॅटवरच बिअरची एक बॅच करून हात बसवायचाय, रेसिपी कोणती घेऊ आणि बाटल्या खरंच फुटतात का, असं तू विचारलंयस. मी बरीच वर्षं लीड्सला होतो, तिकडे घरी नेहमी बिअर करायचो, आता परत इथे इंदुरात, रामबागेत आहे. विषय माझ्या फार जवळचा आहे त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिलं म्हणजे, भिया, इथे बॅच लावू नकोस. आपल्याकडे मध्य प्रदेश आबकारी अधिनियम १९१५ लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं त्यात गुन्हा आहे, बिअरही त्यातच आली, 'घरच्यापुरती करतोय' हे कारण चालत नाही. व्हिसा हातात यायच्या वेळेला असली भानगड कशाला. इंग्लंडात १९६३ पासून स्वतःच्या पिण्यापुरती बिअर करायला लायसन्स लागत नाही, फक्त विकायची नाही. म्हणजे तीन-चार महिने थांबलास की हेच काम उजळ माथ्याने करता येईल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मे-जूनच्या इंदुरात खोलीतच ३५ च्या वर तापमान असतं, त्यात एलचं (म्हणजे १८-२० अंशांत आंबवायच्या बिअरचं) यीस्ट टाकलं तर बिअर होते पण तिला थिनरसारखा तिखट वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं.

पण शिकायची घाई आहे तर बिअरचा अर्धा भाग तू आजच स्वयंपाकघरात शिकू शकतोस, त्यात अल्कोहोलचा संबंधच नाही. माल्ट म्हणजे काय, तर मोड आणून वाळवलेलं जव. आपल्या घरात बाळासाठी मोडाच्या नाचणीचं सत्त्व करतात ना, तीच विद्या. धान्याला मोड आले की त्यात एन्झाइम तयार होतात आणि ते स्टार्चची साखर करतात. जव या उन्हात बुरशी धरेल, म्हणून नाचणीच घे, सियागंजात चांगली मिळते. रात्रभर भिजव, ओल्या फडक्यात बांधून मोड आण, सावलीत पंख्याखाली कडकडीत वाळव, भाजू मात्र नकोस, आणि मिक्सरला फिरव. मग तांदळाची पेज एकदम घट्ट शिजव, इतकी की चमचा उभा राहील, आणि दोन पातेल्यांत वाट. एक थर्मामीटर लावून ६५ अंशांवर येऊ दे, दुसरं उकळतंच ठेव. दोन्हींत दोन-दोन चमचे ते पीठ घालून ढवळ. ६५ वालं बघता बघता पातळ होईल आणि झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास ऊबेत ठेवलंस तर गोडसर लागायला लागेल. उकळत्यातलं घट्टच राहील कारण तिथे एन्झाइम मरून जातात. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आण, दोन्हींतला एकेक थेंब बशीत घेऊन गार झाल्यावर त्यावर टाक, उकळत्यावालं काळंनिळं होईल म्हणजे स्टार्च तसाच आहे, दुसऱ्याचा रंग त्या मानाने फिका येईल (बशीतलं फेकून द्यायचं, चाखायचं नाही). हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की मॅशिंग, म्हणजे माल्टमधल्या स्टार्चची साखर करायची पायरी, कळलं. ब्रुअरीत जवाच्या माल्टला ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात ते याचसाठी, आणि त्यातही ६३-६४ ला ठेवलं तर बिअर हलकी कोरडी होते, ६८-६९ ला ठेवलं तर अंगाने भरलेली. चार-पाच अंशांत पेयाचा स्वभाव बदलतो! म्हणून म्हणतो, रेसिपीच्या मागे लागू नकोस, चांगला डिजिटल थर्मामीटर घे आणि तो सोबत ने.

आता तिकडची पहिली बॅच. १० लिटरची कर. २३ लिटरचे किट मिळतात पण शेअरिंगच्या किचनमध्ये तेवढं पाणी उकळायला भांडंही नसतं आणि गार करायला जागाही. आणि पहिल्यांदा मॅशिंगच्या भानगडीत न पडता ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापर, म्हणजे साखर काढायचं काम आधीच झालेली पावडर. फिका एक्स्ट्रॅक्ट १.२ किलो, क्रिस्टल माल्ट (रंग आणि गोडसर चवीसाठी भाजलेलं माल्ट) दीडशे ग्रॅम, ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं) ३५ ग्रॅम, आणि इंग्लिश एलचं कोरडं यीस्ट, ११ ग्रॅमचं पाकीट येतं त्यातलं अर्धं पुरे. झाली तुझी रेसिपी, साधी इंग्लिश बिटर म्हणजे कडसर एल, याहून जास्त काही नको.

क्रिस्टल माल्ट कापडी पिशवीत बांधून १२ लिटर पाण्यात ६८-७० अंशांवर अर्धा तास ठेव, पिशवी काढ, पिळू नकोस. गॅस बंद करून पावडर घाल नाहीतर तळाला लागून करपते, मग उकळी आण. पहिली उकळी फुटताना जवळच उभा राहा, दुधासारखं भसकन वर येतं. फेस बसला की २५ ग्रॅम हॉप्स, आणि तासभर खळखळ, झाकण न ठेवता. हॉप्समधली अल्फा आम्लं मुळात फारशी कडू नसतात, उकळीत त्यांचं रूप बदलतं तेव्हाच कडूपणा तयार होतो आणि त्याला तेवढी उकळ लागते, उरलेले १० ग्रॅम शेवटच्या पाच मिनिटांत घालायचे, ते वासासाठी. तासाने साधारण १० लिटर उरतं.

इथून पुढे खरा जपायचा भाग. गॅस बंद केला त्या क्षणापासून त्या गोड पाण्याला म्हणजे वर्टला जे काही शिवेल ते सगळं निर्जंतुक पाहिजे, चमचा, नळी, बादली, झाकण, थर्मामीटर, तुझे हात. आधी साबणाने स्वच्छ, मग न धुता चालणारं सॅनिटायझर, ही दोन वेगळी कामं आहेत, घाणीवर सॅनिटायझर मारून उपयोग नाही. प्लॅस्टिकच्या बादलीला काथ्या लावू नकोस, ओरखड्यात जंतू बसतात. पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांवर आण, बादलीत उंचावरून ओत म्हणजे हवा मिसळेल (गरम असताना नाही, गार झाल्यावरच), हायड्रोमीटरने (पाण्यापेक्षा द्रव किती जड आहे, म्हणजे त्यात साखर किती आहे, ते दाखवणारी तरंगती काचनळी) मोज, १.०४५ च्या आसपास यायला हवं. यीस्ट वरून भुरभुरव, झाकण, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप), झालं.

मग बादली १८ ते २० अंशांत, अंधाऱ्या कोपऱ्यात. हीटरजवळ नको. लक्षात ठेव, यीस्ट कामाला लागलं की स्वतःच उष्णता काढतं, खोली १८ असेल तर आतलं २१-२२ सहज होतं, म्हणून थर्मामीटर खोलीत टांगू नकोस, बादलीच्या अंगाला चिकटव. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात महत्त्वाचे, चव तेव्हाच ठरते. फेस येईल, तपकिरी कड धरेल, वास विचित्र येईल, ते सगळं बरोबर आहे, झाकण उघडून बघायचं नाही.

आता बाटल्यांचं. हो, फुटतात, आणि काचेचे तुकडे उडतात, ही गंमत नाहीये. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नव्हे. दोन आठवडे जाऊ दे, मग हायड्रोमीटरने मोज, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोज, आकडा तोच आला (१.०११ च्या जवळपास) तरच भरायची. आकडा अजून उतरत असेल तर आत साखर शिल्लक आहे आणि ती बंद बाटलीत गॅस करणार. १.०४५ मधून १.०११ वजा करून १३१ ने गुणलं की साडेचार टक्के अल्कोहोल निघतं. भरताना, बाटलीत हवा तेवढाच गॅस व्हावा म्हणून, लिटरला ६ ग्रॅम साखर घाल, दहा लिटरला ६०, थोड्या पाण्यात उकळून गार करून. वजनकाट्यावर मोज, चमच्याने अंदाज नको. बाटल्या बिअरच्याच, दाब सहन करणाऱ्या आणि तपकिरी. पांढऱ्या (पारदर्शक) किंवा हिरव्या काचेतून उजेड गेला की हॉप्सला घाणेरडा वास सुटतो. सोबत सोड्याची एक प्लॅस्टिकची बाटलीही याच बिअरने भर, ती दाबून बघितली की कडक झालीय का ते कळतं, फार दगडासारखी वाटली तर सगळ्या लगेच फ्रीजमध्ये टाक.

२० अंशांत दोन आठवडे, मग फ्रीजमध्ये दोन दिवस. ओतताना तळाचा यीस्टचा थर बाटलीतच राहू दे, एका दमात ग्लासात घे. नाचणीचा प्रयोग करशील तेव्हा ६५ ला किती वेळात पातळ झालं ते इथे टाक, त्यावरून तुझे मोड नीट आलेत का ते मी सांगेन.