हजाराच्या आत मल्टिमीटर घ्यायचाय, अडीचशेचा पिवळा चालेल का?

तुम्ही विचारलंय की राळेगावकडच्या गावात राहून आर्डुइनो आणि एलईडीचे प्रयोग करायचेत, फवारणी पंपाच्या अन् झटका मशीनच्या (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या) बॅटऱ्या तपासायच्यात, खिशात हजार रुपये आहेत आणि तालुक्याचा दुकानदार अडीचशेचा पिवळा मीटर पुढे करतोय. घ्यावा का?

टेबलावरच्या कामाला तो पिवळा, म्हणजे डीटी-८३०डी, चालून जातो. विहिरीवरच्या स्टार्टरला मात्र लावू नका. तिथे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टच्या आसपास असतात. मीटरवर १००० व्होल्ट छापलेलं असलं तरी आतली प्लेट आणि प्रोबच्या, म्हणजे मोजायला टेकवायच्या टोकांच्या, वायरी त्या लायकीच्या नसतात. शिवाय १० अँपिअरच्या भोकाला फ्यूज नसतो. ‘अनफ्यूज्ड’ असं तिथेच लिहिलेलं असतं. करंट मोजून झाल्यावर लाल वायर त्याच भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज बघायला गेलात, की थेट शॉर्ट. पंपाच्या बॅटरीवर प्रोबचं टोक वितळू शकतं, स्टार्टरवर तोंडासमोर जाळ उठेल. मोटरीचं काम वायरमनच्या चांगल्या मीटरवर सोडा.

आता टेबलावरचं. या मीटरचं स्वतःचं रेझिस्टन्स १ मेगाओहम असतं, बऱ्या मीटरचं १० मेगाओहम. याने काय बिघडतं? ५ व्होल्टला १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर ओळीने लावले तर मध्ये २.५ व्होल्ट मिळायला हवेत. पिवळा मीटर १.६७ दाखवेल, १० मेगाओहमवाला २.३८. सर्किट बरोबर, मोजणारा खोटा, आणि नवा माणूस अख्खी संध्याकाळ सर्किट उसवत बसतो. १० किलोओहमपर्यंतच्या रेझिस्टरांना हा फरक जाणवत नाही.

दुसरी खोट ९ व्होल्टच्या सेलची. सेल उतरला की असे मीटर बंद पडत नाहीत, आकडा चढवून सांगतात. १२.२ ची बॅटरी १३ च्या वर दिसू लागली तर आधी मीटरचा सेल बदला, मग बॅटरीवाल्याशी भांडा.

म्हणून हजार असतील तर माझं मत ऑटोरेंज, म्हणजे रेंज (मोजायची मर्यादा) स्वतःच निवडणाऱ्या मीटरकडे. ब्रँडच्या मागे लागू नका. ६००० काउंट, १० मेगाओहम, कपॅसिटर मोजायची सोय, १० अँपिअरच्या भोकालाही फ्यूज आणि डबल ए किंवा ट्रिपल ए सेल एवढं बघा. काउंट म्हणजे पडद्यावर मावणारा सगळ्यात मोठा आकडा. २००० काउंटचा मीटर लिथियम सेलला २० व्होल्टच्या रेंजवर ४.२० दाखवतो, पण ०.५ टक्का अधिक दोन अंक एवढी चूक धरली तर खरा आकडा ४.१६ ते ४.२४ मध्ये कुठेही असू शकतो. चार्जर जुळवायला एवढं ढिलं चालत नाही. तापमान मोजायची वायर, टॉर्च वगैरेला पैसे देऊ नका.

दुकानात, मग ते नागपूरच्या बर्डीवरचं असो की तालुक्याचं, १ टक्कावाला १ किलोओहमचा रेझिस्टर खिशात घेऊन जा. ९९० ते १०१० च्या बाहेर आकडा आला तर मीटर परत ठेवा. मग ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर दोन्ही प्रोब टेकवा, ०.५ च्या आत स्थिर राहायला हवं. तसंच धरून वायर पिनेजवळ वाकवा. आकडा उड्या मारत असेल तर आतली तार तुटकी आहे. नव्या मीटरमध्येही ही भानगड निघते. तार सलग आहे का ते सांगणारा बझर दोन्ही प्रोब टेकवल्याबरोबर वाजला पाहिजे, अर्ध्या सेकंदाने नाही.

पांढरा एलईडी डायोड रेंजवर पेटला नाही म्हणून फेकू नका. त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि स्वस्त मीटर तेवढे देतच नाही.

पंपाची १२ व्होल्टची लेड बॅटरी चार्जरवरून काढल्या काढल्या मोजाल तर १३ च्या वर दिसेल, ते खरं नाही. तीन-चार तास तशीच ठेवून मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, ११.८ म्हणजे रिकामी. मग पंप चालू करून बॅटरीच्या टर्मिनलवरच प्रोब धरा. भरलेली बॅटरी मिनिटभरात ११ च्या खाली बसली तर ती गेली. झटका मशीनची बॅटरीही अशीच बघा, मशीन सोडवून. पण कुंपणाच्या तारेला मीटर लावू नका. तिथे साधारण सेकंदाला एक ठोका, तोही हजारो व्होल्टचा, मीटर एका ठोक्यात जाईल. त्यासाठी निऑनचा फेन्स टेस्टर वेगळा मिळतो.

फ्यूज उडाला तर व्होल्टेज बरोबर दिसतं, फक्त मिलीअँपिअर शून्य येतं. मीटर खराब समजू नका, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाका. तार गुंडाळू नका.

आणि मे महिन्यात टिनाखाली किंवा गाडीच्या डिकीत मीटर ठेवू नका. आकड्यांची हमी १८ ते २८ अंशांपुरतीच असते, आणि तापला की पडदा काळा पडतो. महिनाभर वापर नसेल तर सेल काढूनच ठेवा.